ऑक्टोबरचं पत्रक

सदतीस वर्षं टपाल वाटलं,
एकही पाकीट फोडलं नाही.
बहुधा म्हणूनच हे काम माझ्या गळ्यात आलं:
वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
‘सोबती’चं मासिक पत्रक लिहिणं.
एक पान, पाठपोट.

तर, बातम्या.

फोनचा रिसीव्हर नवा आणला.
जुन्याची वायर इतकी पिळली होती
की ऐकताना टेबलावर ओणवं व्हावं लागे.
(फिलोमिना म्हणते, वाकून ऐकलेलंच बरं असतं.)

मच्छीच्या लिलावातून टोपलीमागे दोन रुपये,
एकूण तीन हजार आठशे बारा.
सुरमईचा भाव पडला त्या आठवड्यातही
प्रभावती गिरपने हात आखडला नाही.

सावंतवाडीच्या डॉक्टरीणबाई आता बुधवारी येतील.
गुरुवारची वाट बघत कुणी दिवस काढू नयेत.

नवे स्वयंसेवक अकरा. शिबिर तीन दिवसांचं,
त्यातले पहिले दोन नुसतं गप्प बसायला शिकण्यात गेले.
उस्मान होडेकर, बारा वर्षं तांडेल,
वाऱ्यावर ओरडायची सवय,
दुसऱ्या दुपारी कपाळ पुसत म्हणाला,
‘ह्येच्यापेक्षा जाळां ओढणां सोपां.’
पण राहिला.

कुणीतरी नेलेली चादर परत केली.
धुऊन, उन्हाचा वास घेऊन आलेली,
घडीत मूठभर सोलं.
मंगळवारी सगळ्यांनी कढी प्यायली.
नाव विचारलं नाही.

ही आपल्या भाषेची मेहेरबानी.
‘कुणीतरी आलं’, ‘कुणीतरी रडलं’,
बाई की बाप्या, थोर की पोर,
व्याकरणसुद्धा तोंड उघडत नाही.

जिन्याची तिसरी पायरी दुरुस्त झाली.
फळी फणसाची. जयवंत मेस्त्रींनी मजुरी घेतली नाही.

इथे पेन अडतं.
पुढचं पत्रकात जाणार नाही.

गेल्या वर्षीची नारळी पौर्णिमा होऊन चार दिवस झालेले,
होड्या पुन्हा लागलेल्या,
रात्रीचे पावणेतीन.
फोनवर नुसता श्वास.
मी शिकवल्याप्रमाणे गप्प.
आणि मग त्या श्वासाच्या मागे
बर्फ फोडायचं यंत्र ऐकू आलं.
आधी वाटलं भास.
मग कळलं, तेच. आपलंच.
माझ्या तळपायांना जे धडधडत होतं
तेच, जरासं उशिरा, कानात पोचत होतं.

खिडकीशी गेलो नाही. तसा नियम आहे.
नियम नसता तरी गेलो नसतो,
असं म्हणवत नाही.
एवढंच बोललो:
‘चहा टाकतोय. दार लोटलेलं आहे.
तिसरी पायरी मोडकी आहे, सांभाळून.’

फोन बंद झाला.
चहा उकळला, निवला, पुन्हा उकळला.
खाली कुणी खलाशी बर्फाच्या लाद्या मोजत होता,
सतरा, अठरा,
मध्येच चुकला, पहिल्यापासून मोजायला लागला.

मग पहिली पायरी वाजली.
दुसरी.
मग खूप वेळ काहीच नाही.
मग चौथी.

त्यापुढचं पाकीट बंद.

स्वयंसेवकांची यादी पत्रकात मागल्या बाजूला आहे,
अकरा नावं, वयं न देता.
त्यातलं कुणीतरी
अजून दुसरीवरून थेट चौथीवर पाय टाकतं,
हातात दुधाची पिशवी असली तरी,
नवी फळी तशीच कोरी ठेवून.
जयवंत मेस्त्री बघतात आणि मनातून खट्टू होतात.
मी त्यांना काय सांगणार?

ताजा कलम.
चहापत्ती संपत आली आहे.
बाजारातून बंदराकडे येणारं कुणी असेल
तर घेऊन यावं. सुटी चालेल.